कडेवरचं बाळ आणि मोकळे हात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं, मान सावरू लागलं, की आडवं घेतलेलं त्याला चालेनासं होतं. त्याला जग बघायचं असतं. खिडकीतला कावळा, गॅसवरचा कुकर, दारात आलेला दूधवाला, सगळं त्याला हवं असतं. मग आपण त्याला कडेवर घेतो. हे कुणी शिकवावं लागत नाही. कंबर थोडी बाहेर काढली की बाळ दोन बाजूंना दोन पाय टाकून तिथे बसतं, आणि आपला एक हात त्याच्या पाठीमागून जातो. प्रश्न त्या हाताचाच आहे. तो हात बाळाचा झाला की भाजी चिरायची कुणी, कपडे वाळत घालायचे कुणी आणि दार उघडायचं कुणी?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पाठ, खांदा, मान किंवा मनगट दुखतं म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये तान्ह्या मुलांच्या आया बऱ्याच असतात. व्यायाम समजावून झाले की त्यातल्या पुष्कळजणी विचारतात, ‘‘मॅडम, बाळाला कडेवर बांधून घ्यायचं काहीतरी मिळतं ना? त्यातलं कुठलं चांगलं?’’ आज त्याच प्रश्नाचं जरा सविस्तर उत्तर द्यायचं आहे.

आधी दुखतं का, ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या तक्त्यांनुसार सहा महिन्यांच्या मुलाचं मध्यम वजन ७.९ किलो आणि मुलीचं ७.३ किलो असतं. वर्षाचं होईपर्यंत ते अनुक्रमे ९.६ आणि ८.९ किलोवर जातं. म्हणजे जवळजवळ आठ-नऊ किलोचं ओझं आपण शरीराच्या एका बाजूला घेतो. ते घसरू नये म्हणून त्या बाजूची कंबर बाहेर काढतो. कंबर बाहेर गेली की मणका बाजूला वाकतो, एक खांदा वर चढतो, आणि सगळा ताण कमरेच्या एका बाजूच्या स्नायूंवर येतो. गरोदरपणात सैल झालेले सांधे आणि ताणलेले पोटाचे स्नायू अजून पुरते पूर्ववत झालेले नसतात. त्यात हे रोजचं ओझं.

मनगटाची कथा वेगळीच. बाळाला बगलेत धरून उचलताना अंगठा ताठ राहतो आणि मनगट वाकडं होतं. दिवसातून पन्नास वेळा असं झालं की अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायुबंधांचं आवरण सुजतं. किल्ली फिरवताना, झाकण उघडताना कळ येते. डॉक्टरी भाषेत याला ‘डी क्वेर्वेन’ यांचं नाव आहे. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्वेन यांनी १८९५ साली या दुखण्याचं वर्णन केलं होतं. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत ते पुष्कळ आढळतं.

इथे घरातल्या वडीलधाऱ्या बायका हटकून म्हणतात, ‘‘आम्ही चार-चार मुलं वाढवली, आम्हाला नाही लागली असली थेरं.’’ त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्या काळचं घर आठवून पाहा. मूल एक आणि त्याला घेणाऱ्या कडा सहा असायच्या. आजीची कड, काकूची कड, आत्याची कड, मोठ्या बहिणीची कड, आणि कुणीच नसेल तर शेजारच्या काकूंची कड. बाळ दिवसभर कडेवरच असायचं, पण एकाच कडेवर नसायचं. आज तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळी नऊ ते रात्री आठ एक बाई आणि एक बाळ असतं. सहा जणींचं काम एकीच्या एका कमरेवर येतं. बाळ अडकवण्याची झोळी घ्यावीशी वाटते ती हौसेनं नव्हे, या एकटेपणामुळे.

झोळीनं खरंच फरक पडतो का? अमेरिकेतल्या कारा वॉल-शेफलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हातात बाळ घेऊन चालताना शरीराला किती शक्ती खर्च करावी लागते आणि झोळीत घेऊन चालताना किती, याची त्यांनी तुलना केली. हातात घेऊन चालणं सरासरी सोळा टक्क्यांनी महाग पडतं, असं त्यांना दिसलं. माणसाच्या पूर्वजांनी फार लवकर तयार केलेल्या साधनांमध्ये बाळाची झोळी असावी, असा त्यांचा तर्क आहे. दगडाची हत्यारं मातीत टिकली, कातड्याची आणि सालींची झोळी टिकली नाही, एवढंच.

दुसरी तक्रार असते, ‘‘सारखं कडेवर घेऊ नकोस, सवय लागेल.’’ याबाबत कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात १९८६ साली हुंझिकर आणि बार या डॉक्टरांनी केलेला अभ्यास सांगण्यासारखा आहे. त्यांनी काही आयांना बाळ रडत नसतानाही दिवसाकाठी किमान तीन तास जवळ घ्यायला सांगितलं. सहा आठवड्यांची झाली तेव्हा ही बाळं इतर बाळांच्या मानाने ४३ टक्के कमी रडत होती. अर्थात हा सगळ्या रडण्यावरचा उपाय नाही. पोटशुळाने कळवळून रडणाऱ्या बाळांवर बार यांनीच पुढे केलेल्या अभ्यासात जास्त वेळ घेतल्याचा उपयोग दिसला नाही. पण बाळ घेतल्याने बिघडतं, ही भीती मात्र मनातून काढून टाकावी.

मुळात ही कल्पना नवी नाही आणि परदेशीही नाही. आपल्याकडे आदिवासी पाड्यांवर आणि बांधकामांवर खांद्यावरून फडकं घेऊन त्यात मूल कडेला बसवलेल्या बाया आजही दिसतात. इंडोनेशियात ‘सेलेंदांग’ नावाच्या बाटिकच्या लांब कापडात मूल कडेवर घेतात. मेक्सिकोत ‘रेबोझो’, कोरियात ‘पोदेगी’, आफ्रिकेत पाठीवर बांधायचं रंगीत कापड. अॅन मूर नावाच्या अमेरिकन परिचारिकेने १९६० च्या दशकात टोगो देशात काम करताना आयांच्या पाठीवरची शांत बाळं पाहिली. मायदेशी परतल्यावर स्वतःच्या मुलीसाठी तिने तशी पिशवी शिवून घेतली आणि १९६९ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. दोन कड्या लावलेली झोळी १९८१ मध्ये हवाई बेटांवर तयार झाली. आज दुकानात चकचकीत खोक्यात मिळतं ते याच जुन्या फडक्याचं शिवलेलं रूप.

आता प्रकार पाहू. कडेवर घेण्यासाठी बाजारात साधारण पाच गोष्टी मिळतात.

पहिली, रिंग स्लिंग, म्हणजे दोन कड्यांची झोळी. सुमारे दोन मीटर लांब कापडाच्या एका टोकाला दोन कड्या शिवलेल्या असतात. दुसरं टोक त्यांतून ओवून ओढलं की कापड आवळतं. एका खांद्यावरून घेऊन विरुद्ध बाजूच्या कडेवर बाळ बसवायचं. ती कमीजास्त करता येते, म्हणून आईला बसते तशी बाबांनाही बसते. कडेवर घेण्यासाठी मला स्वतःला ही सगळ्यांत सोयीची वाटते. मात्र सगळा भार एका खांद्यावर येतो, म्हणून ती अर्ध्या-पाऊण तासाच्या कामासाठी.

दुसरी, शिवलेली थैली. तिला कड्या नाहीत, बकल नाही. घालायला सोपी, पण माप ठरलेलं. आईच्या मापाची घेतली तर बाबांना घट्ट, बाबांच्या मापाची घेतली तर आईला ढगळ. आणि ढगळ झोळी धोक्याची.

तिसरी, बकलांची. तिला रुंद कंबरपट्टा आणि खांद्याचे पट्टे असतात. यातल्या काही पोटाशी, पाठीवर आणि कडेवर अशा तिन्ही प्रकारे वापरता येतात. भार कंबर आणि खांदा यांत वाटला जातो, म्हणून जास्त वेळ फिरायचं असेल किंवा बाळ अंगाने जड असेल तर ही बरी. पण घेताना ‘कडेवर वापरता येते’ असं तिच्या माहितीपत्रकात लिहिलंय ना, ते वाचून घ्या. सगळ्या तशा नसतात.

चौथी, कमरेची बैठक, म्हणजे ‘हिप सीट’. कंबरपट्ट्यावर एक छोटं स्टूल असावं तशी टणक गादी असते आणि बाळ तिच्यावर बसतं. माझ्या एका रुग्णाने ‘हात मोकळे राहतील’ म्हणून ही मागवली आणि घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं, की बाळाला एका हाताने धरावंच लागतं. त्या बैठकीत बाळाला बांधून ठेवणारं काहीच नसतं. कमरेवरचा ताण ती नक्की कमी करते, उचल-ठेव करायला उत्तम आहे, पण वरचा पट्ट्यांचा भाग जोडलेला नसेल तर हात मोकळे होत नाहीत. शिवाय बाळ आपलं आपण नीट बसू लागल्याशिवाय ती वापरायची नाही.

पाचवी गोष्ट आपल्या कपाटातच असते, ती म्हणजे जुनी सुती साडी. बांधण्याची पद्धत जाणकाराकडून हातात बाहुली घेऊन शिकलात, तर ती वापरायला हरकत नाही. पण सिंथेटिक किंवा रेशमी साडी नको, गाठ सरकते. आणि आजीचं विरलेलं लुगडं कितीही मऊ लागलं तरी नको, ते ताणाला फाटतं.

या पाचांतून निवडायची कशी? माझ्या मते रंग, नाव आणि किंमत यांच्याकडे सगळ्यांत शेवटी बघावं. सुरुवात बाळाच्या खुब्यापासून करावी.

खुब्याचा सांधा म्हणजे वाटी आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. जन्मतः ही वाटी बरीचशी मऊ कूर्चेची असते. गोळा तिच्यात नीट बसून राहिला तर ती खोल आणि गोल होत जाते. मांड्या फाकलेल्या आणि गुडघे वर असले की तो नीट बसतो. बेडूक बसतो तसं म्हणा हवं तर. पाय सरळ करून, एकमेकांना जुळवून घट्ट बांधलं तर तो बाहेर सरकू पाहतो. जपानात १९७५ च्या सुमारास तान्ह्या बाळांचे पाय सरळ बांधू नयेत अशी मोहीम सुरू झाली, आणि त्यानंतर तिथे खुबा सरकलेल्या मुलांचं प्रमाण बरंच घटलं. कडेवर बसलेलं बाळ नेमकं त्या बेडकाच्या बैठकीत असतं. आपल्या आज्यांची ही पद्धत हाडांच्या दृष्टीनेही बरोबर होती. झोळीने फक्त ती बैठक बिघडवायची नाही.

म्हणून पहिली पारख ही, की झोळीचं कापड बाळाच्या एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खोबणीपर्यंत पोचलं पाहिजे. गुडघे बुडाच्या पातळीला किंवा त्याहून थोडे वर हवेत. मधली पट्टी अरुंद असली की पाय खाली लोंबकळतात आणि सगळं वजन जांघेत येतं. अशी झोळी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

दुसरी पारख पाठीची. कडेवर बसलेल्या बाळाच्या मागून कापड निदान त्याच्या बगलेपर्यंत यावं. बाळाने एकदम मागे झोक दिला, आणि ते देतंच, तरी ते जागेवर राहिलं पाहिजे.

तिसरी पारख आपल्या खांद्याची. खांद्यावरचं कापड पसरट असावं, खांद्याच्या गोलाईवर टोपीसारखं बसावं. ते मानेकडे दोरीसारखं गोळा होत असेल तर वीस मिनिटांत मान भरून येते. कड्यांची झोळी असेल तर कड्या गळ्याच्या हाडाच्या जरा खाली आल्या पाहिजेत.

चौथी पारख उंचीची. बाळ घट्ट आणि उंच बसलं पाहिजे. त्याचं बुड साधारण आपल्या बेंबीच्या पातळीला किंवा थोडं वर असावं आणि मान किंचित झुकवली की त्याच्या टाळूचा पापा घेता यावा. बाळ खाली मांडीशी लोंबत असेल तर तेच वजन पाठीला दुप्पट वाटतं. बाजाराची पिशवी छातीशी धरून पाहा आणि मग हात लांब करून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. आणि झोळी नीट बसली की कंबर बाहेर काढावी लागत नाही. आरशासमोर उभं राहून बघा. दोन्ही खांदे सारख्या उंचीवर आणि दोन्ही पायांवर सारखा भार, तर झोळी तुमची.

पाचवी पारख शिवणीची. शिवण दोन-तीन पदरी आहे का, कड्यांना जोड किंवा चीर तर नाही ना, बकल बंद होताना ‘टक्’ असा आवाज येतो का, किती वजनापर्यंत चालते ते लिहिलंय का, हे सगळं पाहावं. कापड सुती असावं. विदर्भातला मे महिना आणि कोकणातली दमट हवा यांत जाड फोमची झोळी म्हणजे बाळाला आणि आईला दोघांनाही घामोळं. हातमागाचं, जरा खरखरीत, न ताणणारं कापड उत्तम. ते कड्यांतून घसरत नाही. रंग पक्का हवा, कारण बाळ झोळीची कड चोखणारच.

घरी आणल्यावर लगेच बाळाला त्यात घालू नका. आधी पाच किलो तांदळाची पिशवी घाला. घरभर चाला, वळा, खाली बसा, उठा. पिशवी तिरकी होते का, कापड सैल पडतं का, ते कळतं आणि आपला हातही बसतो. पहिल्यांदा बाळ घालाल तेव्हा पलंगाजवळ उभ्या राहा आणि कुणालातरी शेजारी ठेवा. बाळाचं पोट भरलेलं, झोप झालेली, अशी वेळ निवडा. सुरुवातीला दहा मिनिटं पुरे. पुढेही वीस-तीस मिनिटांनी बाजू बदला. सगळ्यांना एक बाजू सोयीची वाटते आणि दुखणं तिथेच सुरू होतं. सिझेरियन झालं असेल किंवा कंबर आधीपासून दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. कडेची झोळी ही मान सावरणाऱ्या बाळासाठी आहे, म्हणजे साधारण चार ते सहा महिन्यांनंतर. त्याहून लहान बाळाला पिशवीसारख्या खोलगट झोळीत आडवं टाकलं की त्याची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची नळी दुमडते. बाळ रडतही नाही, म्हणून कळतही नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आधीच्या वीस वर्षांत झोळीशी संबंधित निदान चौदा मृत्यूंची नोंद त्यांच्याकडे होती आणि त्यातली बारा बाळं चार महिन्यांच्या आतली होती. बाळ आठवड्यांआधी जन्मलेलं, वजनाने कमी किंवा सर्दीने बेजार असेल, तर जास्तच जपायला हवं. नियम सोपा आहे. बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे, तोंडा-नाकावर कापड नको, पदर नको, ओढणी नको, आणि हनुवटी व छाती यांच्यामध्ये आपली दोन बोटं मावली पाहिजेत. बाळ झोळीतच झोपलं तर त्याची मान पाहा आणि जमेल तितक्या लवकर त्याला अंथरुणावर उताणं ठेवा.

‘हात मोकळे’ याचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. कडेच्या झोळीत एक हात पूर्ण मोकळा होतो आणि दुसरा अर्धा. खाली वाकताना बाळाला हात लावावाच लागतो, आणि वाकायचं तेही गुडघ्यातून, कमरेतून नव्हे. कपडे वाळत घालणं, पसारा आवरणं, भाजी आणणं, मोठ्या मुलाला बसपर्यंत सोडणं, फोनवर बोलणं, यासाठी ती छान. पोळ्या लाटणं, फोडणी देणं, चहा गाळणं यासाठी मुळीच नाही. बाळाचा हात आपल्या अंदाजापेक्षा वीतभर लांब पोचतो.

आणि दुचाकीवर नाही म्हणजे नाही. चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर नेण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम केले आणि ते १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाले. त्यांत चालकाशी जोडलेला वेगळा सुरक्षा पट्टा सांगितला आहे, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना हेल्मेट सांगितलं आहे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायला सांगितला आहे. कडेची झोळी म्हणजे तो पट्टा नव्हे. मोटारीतही मुलाची जागा त्याच्या वेगळ्या आसनात, आपल्या झोळीत नाही.

शेवटी एक सल्ला, जो मी प्रत्येक आईला देते. झोळी घ्यायला एकटी जाऊ नका. बाळाचे बाबा, आजी, आजोबा, जे कुणी घरात असतील त्यांना घेऊन जा आणि प्रत्येकाला ती घालून पाहायला लावा. एकट्या आईलाच बसेल अशी झोळी घेतली, तर बाळ कायम आईच्याच कडेवर राहील आणि पाठही तिचीच दुखत राहील. दोघा-तिघांना बसेल अशी घेतली, तर संध्याकाळी बाबा बाळाला घेऊन खाली चक्कर मारतील, रविवारी आजोबा बाळाला अंगणातली झाडं दाखवतील, आणि आईला तासभर पाठ टेकायला मिळेल. झोळी कितीही चांगली असली तरी तिने वजन कमी होत नाही, ते फक्त नीट वाटलं जातं. ते अंगावर जसं वाटायचं, तसंच घरातही वाटून घ्या.